यंत्रांतील पाठभेद

जुनी पोथी आणि जुनी फटफटी यांत साम्य तें काय, असें कोणी विचारलें, तर प्रश्न थट्टेचाच वाटेल. एक सोवळ्यांत उघडावयाची, दुसरी उघडतांच हात काळे करणारी. परंतु थोडें खोल पाहिलें, तर दोहोंच्या नशिबीं एकच कथा लिहिलेली आढळते. मूळ कर्ता गेलेला असतो. मधल्या काळांत अनेकांनीं ती वस्तु हाताळलेली असते. प्रत्येकानें आपल्या बुद्धीप्रमाणें कांहीं बदललेलें, कांहीं गाळलेलें, कांहीं पदरचें घातलेलें असतें. आणि आज जो ती वारसाहक्कानें घरीं बाळगतो, त्याच्यापुढें प्रश्न उभा राहतो, कीं यांतील मूळचें कोणतें, मागाहून शिरलेलें कोणतें, आणि शिरलेलें म्हणून काढून टाकावें तर शिल्लक काय राहील?

या सदराचे वाचक बहुधा एकत्र कुटुंबांत राहणारे. अशा घरांतून जिन्याखालीं, पडवींत किंवा परसांतील पत्र्याच्या छपरीखालीं ताडपत्री पांघरलेली एखादी विलायती मोटारसायकल कैक वेळां दिसते. ती आजोबांची किंवा थोरल्या काकांची. वीस-पंचवीस वर्षें तिला कोणी हात लावीत नाहीं. मग एके दिवशीं भंगारवाला किलोचा भाव सांगतो, किंवा घरांतील एखादा नातू ती पुन्हां चालू करण्याचा ध्यास घेतो, किंवा परगांवचा कोणी गृहस्थ येऊन भलतीच मोठी किंमत बोलतो. घरांत मतभेद सुरू होतात. ते प्रेमाचे असतात, पैशाचे असतात, आणि पुष्कळदां केवळ अज्ञानाचे असतात. त्यांतील अज्ञानाचा भाग या महिन्यांत थोडा दूर करावा, असा मानस आहे.

प्रथम या यंत्रांचें कुलवृत्त थोडक्यांत पाहूं. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री व आसपासच्या गांवीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मोटारसायकलींचे कारखाने दाट वसले होते. बी. एस. ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. नांवाप्रमाणें तो मूळचा बंदुकांचा कारखाना. रॉयल एन्फील्ड ही रेडिचची. तें गांव शिवणाच्या सुयांसाठीं प्रसिद्ध. ट्रायम्फ कॉव्हेंट्रीची, १९४० च्या बाँबवर्षावांत तिचा कारखाना उद्ध्वस्त झाला आणि १९४२ पासून ती जवळच्या मेरिडेन येथें नांदूं लागली. दुसऱ्या महायुद्धांत एकट्या बी. एस. ए. कंपनीनें आपली ४९६ घन सेंटिमीटरची ‘एम २०’ ही गाडी सुमारें १,२६,००० इतक्या संख्येनें लष्करास पुरविली. युद्ध संपल्यावर सरकारनें शिलकी माल लिलावांत काढला, आणि अशा गाड्या नागरिकांच्या हातीं आल्या. पुढें १९५५ सालीं रेडिचच्या कंपनीशीं करार होऊन मद्रासेस ‘एन्फील्ड इंडिया’ स्थापन झाली आणि बुलेट आपल्याकडे जुळूं व नंतर घडूं लागली. मग विलायतेंतील दिवेच विझत गेले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्यें बंद पडला, बी. एस. ए. १९७० नंतर दोन-तीन वर्षांतच कोसळली, मेरिडेनचा कारखाना १९८३ मध्यें थांबला. ग्रंथकर्ता गेला; उरल्या त्या प्रती.

आतां एकाच नांवाच्या दोन गाड्यांत भेद कां पडतात, तें पाहूं. पहिलें कारण, कारखानदार दरवर्षीं नवा नमुना काढीत, आणि गेल्या वर्षाचे उरलेले भाग संपेपर्यंत नव्या गाडींतहि बसवीत. दुसरें, कार्बुरेटर, मॅग्नेटो, वेगदर्शक घड्याळ हीं कोणीच आपल्या घरीं करीत नसे. तीं अनुक्रमें अमाल, ल्यूकस व स्मिथ्स या त्रयस्थ कारखान्यांतून येत, आणि तेथेंहि फेरबदल चालूच असत. तिसरें, लष्करास हवी असलेली गाडी निराळी व घरगुती निराळी. चौथें कारण आपल्या देशींचें: ज्या मिस्त्रीला विलायती भाग मिळाला नाहीं, त्यानें लेथवर आपला करून बसविला. पाठभेदशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें, तर पहिलीं तीन कारणें मूळ लेखनशालेंतील, चौथें लेखकूचें.

भेदांत सर्वांत घातक भेद आट्यांचा. नट-बोल्टाचे आटे हें यंत्राचें व्याकरण. तें चुकलें कीं पुढचें सर्व चुकतें. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानें १८४१ सालीं आट्यांचें प्रमाण सुचविलें. त्यांत आट्याचा कोन ५५ अंशांचा. त्याचेंच बारीक आट्यांचें रूप १९०८ सालीं प्रमाण झालें. सायकलीच्या धंद्यानें मात्र ६० अंशांचे, बहुधा इंचास २६ असे आपले वेगळेच आटे रूढ केले होते. आणि मोटारसायकल ही सायकलीच्याच पोटीं जन्मलेली असल्यामुळें तिच्यांत हीं सर्व कुळें एकत्र नांदूं लागलीं. पुढें १९६० च्या दशकाच्या अखेरीस ट्रायम्फ व बी. एस. ए. यांनीं अमेरिकेशीं जुळणारे आटे घ्यावयास आरंभ केला. पण तेहि एकदम नव्हे. म्हणून त्या संक्रमणकाळांतील एकाच गाडीवर दोन-तीन पिढ्यांचे आटे सांपडतात.

आतां गंमत पहा. पाव इंची बारीक व्हिटवर्थ बोल्टास इंचाला २६ आटे, आणि पाव इंची सायकली बोल्टासहि २६. एकाचा नट दुसऱ्यावर हातानें सहज चढतो. पण कोनांत पांच अंशांचें अंतर असल्यामुळें आटे एकमेकांस सर्वांगानें भिडत नाहींत. पान्यानें आवळले कीं चुरडतात, आणि गाडीच्या थरथरीनें नट सैल होतो. कानाला संधि शुद्ध वाटावा आणि सूत्राला मात्र तो मान्य नसावा, तशांतला हा प्रकार. चाकाच्या आसाशीं किंवा ब्रेकच्या दांडीशीं असा अपशब्द घडला, तर त्याचें प्रायश्चित्त रस्त्यावर मिळतें. शिवाय या जुन्या पान्यांवर कोरलेला आंकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. तें न कळल्यामुळें नवशिके जवळपास बसणारा मिलिमीटरी पाना लावतात आणि षट्कोनी नटाचें वर्तुळ करून ठेवतात. आपल्या देशांत दशमानाचा कायदा १९५६ सालीं झाला, परंतु बुलेटच्या आट्यांनीं तो पुष्कळ वर्षें मानला नाहीं. आणि नवल असें, कीं जिचे आटे इंचांचे, त्या साडेतीनशें बुलेटच्या सिलिंडरचें माप आरंभापासूनच मिलिमीटरांत आहे: व्यास ७० आणि दट्ट्याची धांव ९०.

दुसरी विद्या ठसे वाचण्याची. आमच्या लकडगंजांत लांकडाच्या वखारी आहेत. तेथील जुना जाणता मनुष्य सागाच्या ओंडक्याचा छेद पाहून, रेघांच्या दाटीवरून, माल आलापल्लीकडचा कीं दुसरीकडचा, हें बोलूं शकतो. यंत्राच्या भागांवरहि अशा रेघा असतात. फक्त त्या कारखान्यानें मुद्दाम उठविलेल्या असतात. ल्यूकसच्या मॅग्नेटोवर व डायनमोवर नमुन्याच्या आंकड्याबरोबर घडणीचा महिना व वर्षहि ठोकलेलें आढळतें. अमालच्या कार्बुरेटरवर एक कुलांक व त्यापुढें तिरपी रेघ देऊन दुसरा अंक असतो. ‘३७६’ या अंकानें आरंभ झाला तर तो १९५५ च्या सुमारास निघालेल्या ‘मोनोब्लॉक’ कुळांतला, आणि रेघेपुढील अंक तो कोणत्या गाडीसाठीं जुळविला हें सांगतो. इंजिनावरील अक्षरांतहि पुष्कळ अर्थ असतो. बी. एस. ए. च्या ‘गोल्ड स्टार’ या शर्यतींत गाजलेल्या गाडीच्या पांचशें घन सेंटिमीटरच्या अखेरच्या अवतारावर ‘डीबीडी ३४’ अशीं अक्षरें असतात. हींच अक्षरें साध्या गाडीच्या इंजिनावर ठोकून ती गोल्ड स्टार म्हणून विकण्याचा उद्योग करणारेहि जगांत आहेत. म्हणून अक्षरांची ठेवण, ओळीचा सरळपणा आणि ठशाखालचा पृष्ठभाग घासलेला तर नाहीं ना, हें भिंग घेऊन पाहावें. खोट्या ताम्रपटाची परीक्षा यापेक्षां निराळी नसते.

दुर्मिळ भागांत जें खरोखर कुतूहलास पात्र आहे, त्याचीं चार उदाहरणें देतों. स्मिथ्सचें ‘क्रोनोमेट्रिक’ वेगदर्शक हें अंतर्यामीं घड्याळच असतें. तें ठराविक क्षणभर चाकाचे फेरे मोजतें, कांटा तेथें नेऊन ठेवतें आणि पुन्हां मोजूं लागतें. म्हणून त्याचा कांटा सरकत नाहीं, टप्प्याटप्प्यानें उडी मारतो. कांटा बिघडला आहे असें समजून असें घड्याळ फेंकून दिल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. ट्रायम्फचा ‘स्प्रंग हब’ म्हणजे मागच्या चाकाच्या तुंब्यांतच स्प्रिंगा कोंबून बसविलेली योजना; एडवर्ड टर्नर याची ही कल्पना १९५४ पर्यंत चालली. त्या स्प्रिंगा इतक्या दाबाखालीं असतात, कीं योग्य साधनाशिवाय तुंबा उघडूं नये, अशी सूचना कारखान्यानेंच त्यावर दिलेली असे. घरच्या उत्साही मुलांनीं ती वेदवाक्य मानावी. तिसरें उदाहरण १९५९ सालीं निघालेल्या ट्रायम्फ बॉनव्हिलचें. तिला दोन मोनोब्लॉक कार्बुरेटर होते. पण त्यांच्या अंगच्या पेट्रोलच्या वाट्या कापून टाकून दोघांस मिळून मधोमध एकच वाटी दिलेली होती. हा प्रकार लवकरच सोडून देण्यांत आला. म्हणून आज तो कापलेला कार्बुरेटर न कापलेल्याहून दुर्मिळ. पाठचिकित्सक म्हणतात, कीं दोन पाठांत जो अवघड तो बहुधा मूळचा, कारण लेखकू अवघडाचें सोपें करतो, सोप्याचें अवघड करीत नाहीं. या कापलेल्या कार्बुरेटरास तोच न्याय लागतो.

चौथा भाग मॅग्नेटो. बॅटरीवांचून ठिणगी निर्माण करणारें हें यंत्र. चुंबकाच्या क्षेत्रांत तारांचें वेटोळें फिरतें, योग्य क्षणीं संपर्क तुटतो आणि दुसऱ्या बारीक वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उठून प्लगापर्यंत जातो. जुन्या वेटोळ्यांवर लाखेचा लेप असे. ही लाख आपल्याच देशांतील पळस व कुसुंब या वृक्षांवरील कीटकांची देणगी. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें तो लेप कधीं मऊ होतो. आंतला कंडेन्सरहि थकतो. मग गाडी सकाळीं पहिल्या किकेला उठते आणि चार कोस जाऊन तापली कीं निपचित पडते. नागपूरच्या वैशाखांत हा रोग विशेष बळावतो, हें सांगावयास नकोच. वेटोळें नव्यानें गुंडाळतां येतें व कंडेन्सर बदलतां येतो. त्यासाठीं सबंध मॅग्नेटो टाकून देण्याचें कारण नाहीं.

येथें बुलेटविषयीं स्वतंत्र बोललें पाहिजे, कारण आपल्याकडे बहुसंख्य घरांत तीच. महाभारताच्या पोथ्यांची उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशा दोन परंपरा पंडित मानतात. बुलेटच्याहि तशाच दोन आहेत: रेडिचची औत्तर आणि मद्रासची दाक्षिणात्य. आरंभीं मद्रासेस सुटे भाग येत व केवळ जुळविले जात. १९५७ च्या सुमारास घडणीचीं साधनें आलीं, आणि १९६० नंतर लवकरच गाडी संपूर्ण येथलीच झाली. पुढें रेडिचनें आपला पाठ पुष्कळ बदलला. मद्रासनें १९५५ चाच पाठ घोकला. कंदिलाच्या दोन बाजूंचे लहान दिवे, ॲमिटर, अल्बियन घराण्याचा चार गतींचा गियर व त्याचा टांचेनें दाबावयाचा न्यूट्रल शोधणारा दांडा हीं मद्रासनें दशकानुदशकें जपलीं. शेवटीं १९७७ पासून मद्रासच्या गाड्या उलट विलायतेस जाऊं लागल्या, आणि रेडिचच्या जुन्या गाड्यांचे इंग्रज मालक मद्रासचे भाग मागवूं लागले. वेदपाठ एका प्रांतांत लुप्त व्हावा आणि दुसऱ्या प्रांतांतील घनपाठ्यांनीं तो राखावा, तसें हें झालें.

दाक्षिणात्य परंपरेचे स्वतःचे अपूर्व नमुनेहि आहेत. एन्फील्ड इंडियानें विलायतच्या व्हिलियर्स इंजिनावर ‘शेर्पा’ ही लहान गाडी काढली. ‘टॉरस’ नांवाची डिझेलवर चालणारी बुलेटहि काढली. तिचें ३२५ घन सेंटिमीटरचें इंजिन ग्रीव्ह्ज-लोंबार्दिनीचें होतें. ती संथ होती, जड होती, पण लिटरमागें चालणारें तिचें अंतर पाहून खेड्यांतील शेतकरी तिच्यावर प्रसन्न होते. धुराचे नियम कडक झाल्यावर २००० च्या सुमारास ती गेली. आज शेर्पाचे किंवा टॉरसचे मूळ भाग मिळविणें हें कांहीं विलायती गाड्यांच्या भागांहूनहि कठीण आहे. आपल्या दारींची वस्तु म्हणून तिची उपेक्षा करूं नये.

न मिळणारा भाग ओतून घेतां येतो, आणि आपल्याकडे ओतकाम करणाऱ्यांची वाण नाहीं. पण एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. धातु थंड होतांना आक्रसते. ॲल्युमिनियम शेंकडा सव्वाच्या आसपास, बीड सुमारें एक. म्हणून साचा करणारा सुतार लांकडाचा नमुना तेवढा मोठा धरतो. जुना भागच वाळूंत दाबून त्यावरून ओतलें, तर नवा भाग तेवढ्यानें लहान निघतो. बाजारांत ‘मूळचा’ म्हणून मिळणारा भाग मूळचा आहे कीं नकलेवरची नक्कल, हें पुष्कळदां एका कॅलिपरनें कळतें.

आतां आमच्याच वस्तींतील एका कुटुंबाची हकीकत नांवें न घेतां सांगतों. त्यांचे आजोबा शेतकी खात्यांत फिरतीवर असत. लष्करी लिलावांतून निघालेली एक ‘एम २०’ त्यांनीं विकत घेतली होती. आजीबाई मागें बसून रामटेकास जात; त्यांचें लुगडें चाकांत जाऊं नये, म्हणून आजोबांनीं लोहाराकडून लोखंडी सळयांची जाळी करवून मागच्या चाकाच्या डाव्या अंगास बोल्टांनीं बसविली. आजोबा वारले. गाडी उभी राहिली. अलीकडे परगांवचा एक खरेदीदार आला. त्याचें म्हणणें, जाळी काढून गाडी पलटणीच्या रंगांत द्या, चांगली किंमत देतों. नाहींतर नुसता मॅग्नेटो-डायनमोचा जोड व वेगदर्शक घड्याळ द्या, बाकीचें तुमचें तुम्हांस. धाकट्या नातवाच्या डोक्यावर घराचे हप्ते. तो म्हणे देऊन टाकूं. थोरला म्हणे, जाळी काढूं, रंग देऊं, पण गाडी घरींच ठेवूं. दोघेहि माझे विद्यार्थी. म्हणून मला बोलावणें आलें.

दोघांचें बोलणें ऐकून घेतल्यावर आजीबाई एवढेंच म्हणाल्या, "मास्तर, जाळी काढली तर ही ह्यांची कशी राहील? ती मग पलटणीचीच झाली कीं."

या एका वाक्यांत आमच्या दर्शनांतील एक जुना वाद सामावलेला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन भिक्षु मिलिंद राजाला विचारतो, कीं रथ म्हणजे आस काय, चाकें काय, जूं काय? कोणतेंच नव्हे, तर भागांच्या जुळणीला दिलेलें तें एक नांव आहे. उलट आमचे नैयायिक म्हणतात, अवयवांहून अवयवी निराळा असतो, आणि तो समवायसंबंधानें अवयवांत राहतो. अवयव बदलला कीं पूर्वीचा अवयवी नष्ट होऊन दुसरा उत्पन्न होतो. खरेदीदार बौद्धपक्षाचा: त्याला भाग हवे होते. आजीबाई नैयायिक: जाळीसकट जी होती तीच त्यांची गाडी.

मग ‘मूळ’ कोणतें मानावें? पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति तयार झाली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ सालीं तिचे प्रमुख संपादक झाले, आदिपर्व १९३३ मध्यें पुरें झालें आणि सर्व अठरा पर्वें १९६६ पर्यंत. सुमारें १,२५९ हस्तलिखितें त्यासाठीं ताडून पाहण्यांत आलीं. या पंडितांनीं मागाहून शिरलेले श्लोक मूळ संहितेंतून काढले हें खरें; परंतु ते जाळले नाहींत. तळटीपांत व परिशिष्टांत एकूण एक छापून ठेवले. प्रक्षेप म्हणजे कचरा नव्हे. तोहि कोणाच्या तरी श्रद्धेचा पुरावा आहे. आणि साडीच्या जाळीचा प्रक्षेप तर असा सामर्थ्यवान, कीं पुढें १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झांकणारें संरक्षक आवरण दुचाकीस आवश्यकच ठरविलें. ब्रिटिश गाडीवरील भारतीय भाष्यच तें.

मीं दोघां भावांस सांगितलें तें असें. सुटा भाग विकूं नये; भाग गेला कीं गाडीची किंमत त्या भागाच्या किंमतीहून अधिक उतरते, आणि तो पुन्हां मिळत नाहीं. जाळी बोल्टांची आहे. ती कापण्याचें कारणच नाहीं. रंग खरवडण्यापूर्वीं टाकीच्या खालच्या अंगास बोटभर जागेवरचे थर हलकेच उघडून पाहावे. तसें पाहिलें, तेव्हां काळ्याखालीं हिरवा आणि त्याखालीं पलटणीचा मातकट रंग निघाला. म्हणजे तिन्ही पाठ एकाच पानावर शाबूत होते. शेवटीं जाणत्याकडून गाडीचें मोल करवून घेण्यांत आलें, आणि थोरल्यानें धाकट्याचा हिस्सा हप्त्यांनीं द्यावयाचा, असा कागद झाला. धाकट्यास मिळालें तें खरेदीदाराच्या बोलीपेक्षां कमी होतें. त्यानें तें समजून पत्करलें, हें येथें नमूद करणें न्यायाचें आहे.

कायद्याचीहि बाजू आहे. केंद्र सरकारनें जुलै १९२१ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, जुलै २०२१ मध्यें, पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठीं स्वतंत्र नियम केले. गाडी मूळ स्वरूपांत असावी, तिच्या सांगाड्यांत वा इंजिनांत भरीव फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षें, आणि क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें. मात्र अशी गाडी रोजच्या वापरास नेतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, संशोधन, पेट्रोल भरणें व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणतां येते. म्हणजे सांगाडा कापून, दुसरें इंजिन बसवून ‘शोभिवंत’ केलेली गाडी हा मान गमावून बसते. गाडी मृताच्या नांवावर असेल, तर वारसानें तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावें व तीन महिन्यांत ती आपल्या नांवावर करून घ्यावी, असा नियम आहे. आपल्या घरांतून हें काम दुःखाच्या दिवसांत राहून जातें, आणि पुढें भाऊबंदांच्या सह्या गोळा करण्यांत वर्षें जातात.

तात्पर्यार्थ, भागांचे तीन ढीग करावे. पहिला प्राणरक्षणाचा: टायर, ट्यूब, ब्रेकचे पट्टे, केबली, साखळी, विजेच्या तारा. येथें मूळपणाचा हट्ट म्हणजे आत्मघात. हे भाग नवे व उत्तमच घ्यावे. दुसरा झिजण्याचा: बेअरिंगें, दट्ट्याचीं कडीं, गॅस्केटें. हे बदलण्यासाठींच असतात. जुना नमुना मात्र जपावा. तिसरा ओळखीचा: सांगाडा, इंजिनाचे कवच, अंकांचे ठसे, टाकी, कार्बुरेटर, मॅग्नेटो, घड्याळ. हे शक्यतों दुरुस्त करावे. बदलावे लागले तर काढलेला भाग चिठ्ठी बांधून कपाटांत ठेवावा. आणि शिरस्त्राणाविषयीं एकच गोष्ट. अरबस्तानांतील पराक्रमानें प्रसिद्ध झालेले लॉरेन्स मे १९३५ मध्यें आपल्या ब्रफ सुपीरियरवरून पडून डोक्याच्या दुखापतीनें वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे शल्यवैद्य होते. पुढें केर्न्स यांनीं मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ सालीं शिरस्त्राणाचें महत्त्व मांडलें. मोलाची गाडी चालविणाऱ्याचें डोकें गाडीहून मोलाचें आहे.

जातां जातां एक इशारा. ट्रायम्फच्या कांहीं गाड्या २०२३ पासून पुण्याजवळ चाकण येथें बजाजच्या कारखान्यांत तयार होतात. नॉर्टन २०२० मध्यें टी. व्ही. एस. नें घेतली, बी. एस. ए. चें नांव २०१६ पासून महिंद्र समूहाकडे आहे व नवी गोल्ड स्टार २०२४ मध्यें आपल्याकडे विक्रीस आली. नांवें तींच, परंतु गाड्या सर्वस्वीं नव्या. जुन्या गाडीचा भाग या दुकानांत मिळेल, ही आशा धरूं नये.

ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल, त्यांनीं येत्या सुटींत एवढें तरी करावें: ताडपत्री काढावी, प्रत्येक ठशाचें छायाचित्र घ्यावें, अंक वहींत उतरावे, आणि घरांतील सर्वांत वडील मनुष्यास शेजारीं बसवून ही खूण कशाची, हा भाग केव्हां बदलला, हें विचारून तेंहि लिहून ठेवावें. भाग पुढेंमागें कोठें तरी मिळेल. सांगणारें माणूस मात्र दुसरें मिळत नाहीं.